टेस्ट नावाची वाटी

आमच्या घरात टेस्ट हा शब्द दोघांच्या मालकीचा होता. एक मी. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि सोमवारी टेस्ट आहे असं फळ्यावर लिहिलं की रविवारपासूनच अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखायला लागायचं. दुसरा माझा थोरला भाऊ. तो सराफांच्या गल्लीत, एका अरुंद जिन्याच्या वरच्या खोलीत बसून सोन्याचा कस काढायचा. या शब्दावर त्याचा हक्क माझ्याहून जुना आहे, हे आम्हा दोघांनाही बरंच उशिरा कळलं.

लोक चेन, बांगड्या, वितळवलेल्या लगडी घेऊन दादाकडे यायचे आणि विचारायचे, यात सोनं किती. दगडावर घासून सांगणारे गल्लीत पुष्कळ होते. दादा त्यांच्या नावानं नाक मुरडायचा. दगड अंदाज सांगतो, आग खरं सांगते, असं त्याचं म्हणणं. तो सोन्याचा कणभर तुकडा काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलायचा. त्या वेळी खोलीत कुणी शिंकलं तर त्याची धडगत नसायची. मग तो तुकडा थोड्या चांदीबरोबर शिशाच्या पातळ पत्र्यात पुडीसारखा गुंडाळायचा, हाडांच्या राखेच्या एका बुटक्या वाटीत ठेवायचा आणि वाटी भट्टीत सारायचा. शिसं वितळायचं, सोन्यातलं तांबंबिंबं आपल्यात ओढून घ्यायचं, आणि ती राखेची वाटी ते सगळं हळूहळू शोषून घ्यायची. शेवटी तळाशी एक चकचकीत मणी उरायचा. "घाण सगळी वाटी पिते, खरं तेवढं वर राहतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग त्या मण्यातली चांदी तेजाबात विरघळवून टाकायची आणि उरलेलं सोनं पुन्हा तराजूवर ठेवायचं. दादा जो आकडा सांगायचा तो दशांशचिन्हाच्या पुढच्या अंकांसकट सांगायचा.

म्हणून अख्खी गल्ली त्याला दशांश म्हणायची. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. एका बड्या सराफानं एकदा आकडा जरा वर सरकवायला सुचवलं, तेव्हा दादानं त्याला सरळ जिना दाखवला. घरीही तीच तऱ्हा. आज पाऊस पडेल का विचारलं तर म्हणायचा, पडल्यावर सांगतो. वहिनी होती तोवर ती हसून म्हणायची, मी यांना आवडते की नाही हे अजून भट्टीत आहे, निकाल यायचाय.

त्याच्या स्वच्छतेचं कौतुक वेगळंच. शिसं वाईट, हे त्याला त्याच्या उस्तादानं कान उपटून शिकवलं होतं. खोलीत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. कामाचा सदरा तिथेच खुंटीला. घरी आल्यावर आधी न्हाणीघर, मग माणसं. नात दारात धावत आली तरी हात वर करून, पोलिसांनी धरल्यासारखा तिच्या बाजूनं आत पळायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो.

मला शब्दांची मुळं खणत बसायची खोड. शाळेच्या ग्रंथालयात एक जाडजूड शब्दकोश होता. तो माझ्याशिवाय फक्त झुरळं वापरायची. एकदा वर्गातल्या एकानं विचारलं, "बाई, टेस्ट हा शब्द कुणी काढला?" त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की नाव कळलं असतं तर तो त्या माणसाला मधल्या सुट्टीत गाठणार होता. मी ते पान उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले.

लॅटिन भाषेत टेस्टम म्हणजे मातीचं भांडं. तिथून तो शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि पुढे इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा परीक्षेशी काही संबंध नव्हता. सोन्याचांदीचा कस काढायची जी छोटी वाटी असते, तिचं ते नाव होतं. टेस्टला लावणं म्हणजे धातू त्या वाटीत घालून आगीत ठेवणं. पुढे बोलताबोलता वाटी गळून पडली आणि नुसतं पारखणं शिल्लक राहिलं. मग तो शब्द माणसांना लागला, शाळेला लागला, क्रिकेटला लागला, शेवटी रक्ता-लघवीला लागला. समुद्रातल्या काही प्राण्यांच्या कठीण कवचाला शास्त्रज्ञ अजूनही टेस्टच म्हणतात, तेवढीच काय ती भांड्याची आठवण. आणि आपली कसोटी तरी काय, मूळची सोनं घासायचा काळा दगडच. दोन्ही भाषांनी परीक्षेचा शब्द सोनाराच्या दुकानातून उचलला, एकीनं दगड घेतला आणि दुसरीनं वाटी. मला इतका आनंद झाला की शाळा सुटल्यावर घरी न जाता मी तो शब्दकोश काखोटीला मारून सरळ दादाचा जिना चढले.

दादानं अर्थातच विश्वास ठेवला नाही. कुठे लिहिलंय ते दाखव, म्हणाला. मी पान उघडून दिलं. त्याचं इंग्रजी बेताचं, पण त्या नोंदीखाली बोट धरून त्यानं एकेक शब्द वाचला. मग भट्टीजवळ पडलेली वापरलेली वाटी उचलून तळहातावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे मास्तरीणबाई, तुम्ही एवढी वर्षं माझ्या वाटीच्या जिवावर पोरांना छळताय," असं म्हणाला आणि खूश होऊन हसला. त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ही गोष्ट सांगायचा. गिऱ्हाइकाला ऐकायची असो वा नसो.

त्याच बैठकीत मी आणखी एक गंमत सांगितली. टेस्टमचाच सख्खा म्हणावा असा टेस्टा नावाचा शब्द, तोही भांडंच. लोकांनी थट्टेथट्टेत डोक्याला भांडं म्हणायला सुरुवात केली, आणि फ्रेंच लोकांचा डोक्यासाठीचा शब्द त्यातूनच आला. दादा हसला आणि त्यानं कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा मुलगा, माझा शाळकरी भाचा, गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. "मग आमच्याकडे आहे की एक मडकं," दादा म्हणाला. समोरचं गिऱ्हाईकही हसलं. भाचा पुस्तकातून वर बघितल्यासारखं करून पुन्हा खाली बघायला लागला.

त्याच्याविषयी सांगायला हवं. वहिनी शिलाईच्या कारखान्यात जायची, त्यामुळे तो लहानपणी बापाच्या त्या भट्टीच्या खोलीतच वाढला. मुलगा शांत, कामसू, पण अभ्यासात मागे. वाचायला बसला की ओळ निसटायची. बेरजेतला हातचा विसरायचा आणि मग स्वतःवरच चिडायचा. मी त्याला शिकवायला घेतलं होतं. मला राग येतो पटकन, तरी त्याच्यावर यायचा नाही, कारण तो जीव तोडून प्रयत्न करायचा. दादाला मात्र वाटायचं की मुलानं काचेच्या पेटीसमोर बसावं, दशांशाची गादी चालवावी. ते जमेना, तेव्हा त्यानं आपल्या पद्धतीनं निकाल लावून टाकला. "हा मठ्ठ आहे. कसाला नाही उतरला." पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, पुढे मुलीकडची मंडळी बघायला आली तेव्हा त्यांच्याहीसमोर. दादा खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्याचं बोलणं सगळ्यांनी खरं मानलं. भाच्यानंही. तो माल पोचवायची गाडी चालवायला लागला आणि घरात फारसं बोलेनासा झाला.

सून आली ती मात्र बोलकी आणि नात तर तिच्या वरताण. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. आम्ही तिला साळुंकीच म्हणायचो. दादा नुसता विरघळून गेला होता. मुलाशी दोन वाक्यं धड न बोलणारा माणूस नातीशी तासन्‌तास भातुकली खेळायचा. भातुकलीची भांडी म्हणजे त्याच्याच वाट्या, कामातून गेलेल्या. बोटभर उंचीच्या, जड, काठाला पिवळसर झाक आलेल्या. खेळण्यांच्या दुकानात मिळणार नाहीत अशा सुबक. साळुंकी त्यांत पाणी ओतून चहा करायची. दादा वाटी ओठांपासून चार बोटं लांब धरून फुर्रकन आवाज काढायचा आणि साखर कमी झाली म्हणून तक्रार करायचा. ती तिचा चहा खरंच प्यायची. वर बोट फिरवून वाटीचा तळ चाटायची, आईनं दटावलं तरी.

मग पहिलीत जायच्या सुमाराला साळुंकीचं पोट दुखायला लागलं. आम्हाला वाटलं जंत असतील. औषध दिलं, फरक पडला नाही. जेवायची नाही, चेहरा पांढराफटक, उगाच किरकिर. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. आणि मला खरी काळजी लागली ती वेगळ्याच गोष्टीची: तिचं बोलणं आटत चाललं होतं. मला बघून ती एखादं वाक्य सुरू करायची आणि मध्येच सोडून द्यायची. पुढचा शब्द कुठे ठेवलाय ते आठवत नाही, असं तिच्या डोळ्यांत दिसायचं. असे डोळे मी पूर्वी एकदा पाहिले होते, पण कुठे ते मला तेव्हा आठवलं नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मुलीच्या हिरड्या बघितल्या आणि म्हणाल्या, अजून एक टेस्ट करून घेऊ. निकाल आला तो शिशाचा. साळुंकीच्या रक्तात शिसं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. त्यांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. औषधानं रक्तातलं शिसं ओढून काढता येईल, पण ते अंगात शिरतंय कुठून हे सापडेपर्यंत मी तिला घरी सोडणार नाही, असं त्यांनी आम्हा चौघांना बजावलं. मुलांच्या मेंदूवर याचा घाला पडतो. जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही, आणि परत त्याच घरात त्याच गोष्टीशी गाठ पडली तर उरलंसुरलंही जाईल.

सगळ्यांच्या माना आपोआप दादाकडे वळल्या. दादा रागानं लाल झाला. त्यानं डॉक्टरीणबाईंना सदरा, न्हाणीघर, पाण्याचा घोट सगळं सांगितलं. कामावरून घरी काही आणता का, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. "काहीही नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांच्या धंद्यात कच्चं शिसं म्हणजे विष, पण भट्टीतून निघालेली वस्तू शुद्ध. आगीत एवढा वेळ राहून जे बाहेर आलं त्याला विटाळ कसला. वापरलेल्या वाट्या उस्तादाच्या घरी दारापुढच्या कुंड्यांत रचलेल्या असायच्या आणि उस्तादाची पोरंही त्यांच्याशी खेळायची. वाटी ही आणायची वस्तूच नव्हती. ती नुसती उरलेली राख.

तेव्हा दादानं आपल्या पद्धतीनं निकाल दिला. दोष स्वयंपाकघरात आहे. सुनेच्या माहेरची पितळेची जुनी भांडी, त्यांची कल्हई, त्यात शिसं असतं. ते असू शकतं, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. झालं. त्याच दिवशी घरातली सगळी भांडी पोत्यात भरून बाहेर गेली. सुनेच्या आईनं दिलेला मोठा टोपसुद्धा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सून माझ्या शेजारी बसली आणि हुंदके देत म्हणाली, "आत्या, मी माझ्या हातानं पोरीला विष घातलं का हो?" दादा सांगतो ते खरंच असतं, हे मीही चाळीस वर्षं मानत आले होते. तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. भाचा गाडीत बसून होता, काच वर करून.

औषधानं साळुंकी जरा तरतरीत झाली तशी तिनं भातुकली मागितली. आईनं घरून गाठोडं आणून दिलं. दुपारी मी आणि दादा भेटायला गेलो तेव्हा ती पलंगावर मांडी घालून बसली होती, समोर पांढऱ्या चादरीवर वाट्यांची रांग. दादाला बघून तिचा चेहरा फुलला. तिनं पाण्याच्या पेल्यातून एका वाटीत पाणी ओतलं, बोटानं ढवळलं, ते बोट चाटलं आणि वाटी पुढे केली. "आजोबा, च..." एवढंच म्हणाली. पुढचं अक्षर तिला सापडेना.

दादा उभा होता तिथेच खिळला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचं तोंड राखेसारखं झालेलं. तो तिच्या ओल्या बोटाकडे बघत होता. एकदम त्यानं झडप घालून तिच्या हातातली वाटी ओढून घेतली, चादरीवरच्या सगळ्या वाट्या चादरीसकट गोळा केल्या आणि बाहेर चालायला लागला. साळुंकीनं भोकाड पसरलं. नर्स धावत आली. मी पोरीला नर्सच्या हवाली केलं आणि त्याच्या मागे निघाले, ओरडत, काय झालं ते तरी सांग म्हणून. त्यानं वळून बघितलं नाही.

त्याच्या खोलीत पोचले तेव्हा भट्टी पेटली होती. त्यानं त्यातली एक वाटी खलात घालून कुटली. तिची भुकटी झाली. त्यात कोळशाची पूड आणि टाकणखार मिसळला, सगळं एका मुशीत भरलं आणि मूस आगीत ठेवली. मी विचारलं, आता हे कशासाठी? "बघायचंय," तो म्हणाला. मला त्याचा संताप आला. पोर तिकडे रडतेय आणि याला अजून तपासायचं आहे. मूस बाहेर काढून त्यानं ती साच्यात ओतली, थंड होऊ दिली आणि वर जमलेली टाकणखाराची काच हातोडीनं फोडली. खाली शिशाची गोळी होती. राखाडी, गुळगुळीत, चांगली बोराएवढी. वाटी जे प्यायली होती ते सगळं तिनं जपून ठेवलं होतं.

गोळी त्यानं तराजूवर ठेवली नाही. रुमालात बांधली आणि आम्ही दवाखान्यात परत आलो.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्यानं मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं आणि रुमाल टेबलावर उघडला. "हे माझ्या वाटीतून निघालं," तो म्हणाला. "पोर यात चहा करून प्यायची. मीच दिल्या. भांड्यांत काही नव्हतं." मग तो सुनेकडे वळला, पण तिच्या डोळ्यांकडे बघू शकला नाही. "तुझ्या आईच्या टोपात काही नव्हतं," असं त्यानं पुन्हा एकदा सांगितलं.

सून बराच वेळ त्या गोळीकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता त्याला वाट्टेल ते बोलेल, आणि बोलली असती तर मी तिची बाजू घेतली असती. "बाबा, तुम्ही तपासल्याशिवाय बोलत नाही म्हणतात," एवढंच ती म्हणाली आणि मुलीजवळ निघून गेली.

भाच्यानं गोळी उचलली. गाडी चालवून घट्टे पडलेल्या बोटांत ती फिरवली. आणि त्याला बोलायला लागतो तेवढा वेळ घेऊन विचारलं, "बाबा, माझ्याकडेपण होत्या ना वाट्या? मी त्यांत वाळूचा भात करायचो. तुमच्या खोलीत."

साळुंकीचे तसे डोळे मी आधी कुठे पाहिले होते ते मला तेव्हा आठवलं. ओळ निसटलेला, हातचा विसरलेला, स्वतःवर चिडलेला माझा भाचा. दादानं मान खाली घातली आणि हो म्हणाला.

भाच्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझी टेस्ट होईल का. त्या फार समजुतीनं बोलल्या. त्या वेळचं शिसं आता रक्तात सापडायचं नाही. हाडांत थोडंफार असेल, नसेल. असलं तरी अभ्यास त्यामुळे जमला नाही की आणखी कशामुळे, हे आता कुठलीही टेस्ट सांगू शकणार नाही. भाच्यानं मान हलवली, गोळी रुमालात परत ठेवली आणि रुमालाची गाठ मारून तो बापाच्या हातात दिला. मग मालाची वेळ झाली म्हणून निघून गेला.

साळुंकी घरी आली. दादानं घरातली वाटीन्‌वाटी शोधून पिंपात भरून झाकण पक्कं केलं. गल्लीतल्या सगळ्या भट्ट्यांचे जिने चढून त्यानं लोकांना सांगितलं, वाट्या घरी नेऊ नका, पोरांना देऊ नका, माझ्या नातीचं असं झालं. काही जणांनी ऐकलं, काही जण दशांश म्हातारा झाला असं म्हणाले. त्यानं भट्टी बंद केली आणि तराजूची पेटी एका जुन्या कारागिराला देऊन टाकली. सुनेसाठी तो कुठूनतरी पितळेचा टोप शोधून घेऊन आला. तिनं तो वापरायला काढला, पण आईचा टोप तो नव्हे, हे दोघांनाही दिसत होतं. भाचा पूर्वी बापाशी कमी बोलायचा, आता मुळीच बोलेना. ताट समोर आलं की जेवायचा आणि गाडी काढायचा. दादा त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खुर्ची टाकून बसायचा, दिवसभर. तोंड उघडायचा आणि मिटायचा. मी त्याला सुनावलं, बोल की काहीतरी, जीभ झडलीय का? तर म्हणाला, "काय सांगू? निकालच नाही माझ्याकडे."

त्याचं दुखणं मला तेव्हा कळलं. सिद्ध झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, हीच त्याची आयुष्यभराची इभ्रत. आणि हे एकच असं होतं की जे कधीच सिद्ध होणार नव्हतं. मला त्याची दया आली आणि रागही आला. मठ्ठ म्हणताना कुठली टेस्ट केली होतीस, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

साळुंकीची बडबड परतली, पण पूर्वीच्या धबधब्यासारखी नाही. वाचन अडखळत होतं. एका सुट्टीच्या सकाळी भाचा तिला घेऊन पलंगावर बसला होता, मध्ये पुस्तक. मी खिडकीशी भाजी निवडत होते. दादा नेहमीच्या खुर्चीत. साळुंकी एका ओळीवर अडली. पुन्हा वाचली, पुन्हा अडली. मग तिनं पुस्तक ढकललं आणि अगदी सहज, कुणीतरी सांगितलेली माहिती द्यावी तसं म्हणाली, "मी मठ्ठ आहे."

भाच्याचा हात पुस्तकावर तसाच राहिला.

"तू मठ्ठ नाहीस," दादा खुर्चीतून म्हणाला. मग उठला, दोन पावलं पुढे आला आणि मुलाकडे बघून म्हणाला, "तूही नव्हतास."

भाच्यानं वर बघितलं नाही. "टेस्ट केलीत?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"तरी सांगतोय," दादा म्हणाला. "नव्हतास रे. मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलो. सगळ्यांसमोर परत सांगेन, म्हणशील त्यांच्यासमोर."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मग भाचा पलंगावर जरा आत सरकला आणि बापाला बसण्यापुरती जागा केली. दादा बसला. भाच्यानं पुस्तक जवळ ओढलं, अडलेल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मुलीला म्हणाला, "हळू वाच. घाई नाही आपल्याला."